डाव्या बाजूचा खळगा

कुडवा, गोंदिया
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

इंद्रकुमार दादास,

नमस्कार. वाकून केलेला नाही, उभ्याउभ्याच केलेला आहे, तसाच घे. तू, नीतू वहिनी आणि तुमची छोटी खुशी ठीक असाल. आईच्या फोनमधूनही तू माझा नंबर उडवलास, पण शेजारच्या रुख्माकाकूंचा फोन तुला उडवता आला नाही, त्यामुळे आईची खुशाली मला कळते, तुला विचारत नाही. मी बरी आहे. शाळेतली नोकरी चालू आहे, खोली तीच आहे, थंडी ओसरली. झालं, रीत संपली.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. बियाण्याच्या कंपनीचं समजून तरी उघडशील.

आईने सांगितलं ते असं. अठरा तारखेला बाबांचं वर्षश्राद्ध. पाहुणे जेवून गेले की माझी पत्र्याची ट्रंक अंगणात काढून त्यातले एकतीस कागद तू जाळणार आहेस. "वर्साच्या आत घरातली घाण गेली पाहिजे," असं म्हणालास म्हणे. ते कागद माझे आहेत, दादा. माझ्या हातचे आहेत आणि प्रत्येकावर माझी सही आहे. सतरा तारखेच्या आत ट्रंक सडक अर्जुनीहून गोंदियाच्या एसटीत ठेवून दे, मी स्टँडवर उतरवून घेईन. तुला यायची गरज नाही, तोंड दाखवायची तर अजिबात नाही.

दुसरं, तो फोटो. काकांचा प्रफुल अजून माझ्याशी बोलतो, त्याने मोबाइलवर पाठवला. निळा कोट, लाल टाय, मागे पडदा, बाजूला फुलदाणी. खुर्चीवर कोणी एक धष्टपुष्ट माणूस बसलेला आणि त्याच्या धडावर आपल्या बाबांचं डोकं, आधार कार्डावरून उचललेलं. सगळेच करतात, मला माहीत आहे. आपल्याकडे अर्ध्या घरांतली माणसं मेल्यावरच पहिल्यांदा कोट घालतात. स्टुडिओवाल्याकडे चार-पाच कोट तयार असतात, डोकं नेऊन दिलं की बसवून देतो. पण तू त्या माणसाचे हात बघितलेस का? दोन्ही मऊ, एका बोटात अंगठी. बाबांच्या डाव्या हाताची करंगळी मळणीयंत्रात गेली होती. अर्धं पेर उरलं होतं, तेही आत वळलेलं. तू तेव्हा सातवीत होतास, रडत रडत सायकलवरून डॉक्टरला बोलवायला तूच गेला होतास. आणि आता त्या जागी परक्याची करंगळी चिकटवून चौकात फ्लेक्स लावणार? कोण आहे तो माणूस, विचार तरी स्टुडिओत. जिवंत असेल तर अठराला जेवायला बोलाव त्याला, अर्धे पाहुणे त्याच्याच पाया पडणार आहेत.

तुला राग आला असेल. येऊ दे. मला वर्षभर येतोच आहे.

हे सगळं सुरू कसं झालं ते तू कधी विचारलं नाहीस. तुला एकच दिसलं की बहिणीने बापाला उघडं बसवलं. आता विचारलं नसलंस तरी सांगते. मी दर शनिवारी योगराज सरांच्या क्लासला जायचे. सर निवृत्त चित्रकला शिक्षक, गोंदियात एका राइस मिलच्या मागच्या हॉलमध्ये जिवंत माणूस समोर बसवून चित्र काढायला शिकवतात. आमचा माणूस होता मुन्नालाल, मंडीत पोती उतरवणारा. पहिल्या दिवशी त्याने सदरा काढला आणि मी माझ्या चपला बघत बसले. आपल्या घरात शिकवलंच तसं, पोरीने नजर खाली ठेवायची. सर म्हणाले, "दुर्गेश्वरी, जमीनच काढायची होती तर मॉडेल कशाला बोलावलं आपण?" मुन्नालाल हसला. "देख लो मैडम. बोरा उठाते बखत तो पूरा बाजार देखता है. यहाँ कम से कम बैठने को मिलता है."

त्या दिवसापासून मी माणसाकडे बघायला शिकले. सर हाडांपासून सुरू करायचे. मातीखाली दगड असतो तशी हाडं आधी ओळखा, मांस मागून येतं, म्हणायचे. गळ्याखालची दोन आडवी हाडं, हासळ्या, आणि त्यांच्या वरचे दोन खळगे, एक उजवा, एक डावा. "हे दोन खळगे चुकले की माणसाचं मडकं होतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

शनिवारच्या दोन तासांत हात बसत नाही. सराव पाहिजे, आणि सरावाला मॉडेल मी कुठून आणणार? म्हणून दोन हजार तेवीसच्या जानेवारीत, रविवारी घरी आले तेव्हा बाबांनाच विचारलं.

"काय करा लागते?"

"काही नाही. बसून राहा लागते."

"बसून? निस्तं बसून?" बाबा आईकडे वळले. "देवका, आइक वं. साठ वर्सं झाली, मले कोनी बस म्हनलं नाही. हे पोरगी म्हनून राह्यली."

"बसा मंग. पन सदरा काऊन काढून राह्यले?"

"मंग वावरात का मी कोट घालून जातो?"

हे शब्द बाबांचेच आहेत, मी बनवलेले नाहीत. आईला विचार.

वीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं उठायचं. उठण्याआधी पावलांभोवती खडूने रेघ मारून ठेवतात, म्हणजे परत बसताना पाय त्याच जागी येतात. बाबांना त्या रेघांचं भारी कौतुक. सोमवारी आई पडवीची फरशी पुसायला निघाली की ओरडायचे, "माह्या पायाले पानी नोको लावजो!" आई बिचारी खडूच्या कडेकडेने पुसायची. बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागायची, मग दचकून उठून माझ्यावरच डाफरायचे, "झालं का नाही वं? एवढ्यात अर्धा एकर रोवून झाला असता!" एकदा मी त्यांची पाठ काढली. कागद घेऊन ते पडवीच्या कडेला उजेडात गेले. मग म्हणाले, "बैलाची पाठ मले पाठ हाये. माही आज पाह्यली."

बाबा गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी नीतू वहिनीने फिनाईल टाकून पडवी घासून काढली. तिला त्या रेघा कसल्या ते माहीत नव्हतं, तिला मी काही म्हणत नाही. तुला माहीत होतं. तू तिथेच खुर्ची टाकून बसला होतास.

तो पाठमोरा कागद सप्टेंबरात सरांनी प्रदर्शनात लावला. पेपरात फोटो आला. कमरेला पंचा, बाकी उघडे बाबा, खाली नाव केशोराव पटले. तुझ्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर कोणी तरी म्हणालं, "पटलेसेठ, दुकान एवढं चालते अन् बापाले आंगात घालाले नाही का?" त्या संध्याकाळी तू आलास, बूट न काढता आत आलास, सगळे कागद ट्रंकेत कोंबलेस आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकलीस. मला म्हणालास, "बापाले नागवं करून नाव कमावते का?" बाबा मधे पडले, "मी सोता बसलो, इंदर. तिनं बांधून नाही बसवलं." तू ऐकलं नाहीस. दुसऱ्या दिवशी पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट आणून दिलेस आणि हुकूम सोडलास, घरात असो की वावरात, वरचं बटण लागलेलं पाहिजे.

आणि बाबांनी लावलं. जन्मात कोणाचं न ऐकलेल्या माणसाने तुझं ऐकलं, कारण लोकांत तुझी मान खाली गेली याचं त्यांना वाईट वाटलं होतं. भर उन्हात गळ्यापर्यंत बटण लावून ते धानाच्या बांधावर उभे असायचे.

दिवाळीत पहिल्या अंघोळीला आईने त्यांना तेल लावलं तेव्हा तिच्या हाताला गाठ लागली. डाव्या हासळीच्या वर, लिंबाएवढी. आपण दोघांनी त्यांना नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, दुखणं पोटातलं आहे, गळ्यापर्यंत आलं आहे. मग त्यांनी विचारलं, ही गाठ केव्हापासून आहे? तू म्हणालास, "दिवाळीत लक्षात आली." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो. दिवाळीतच."

ते म्हणाले, पाच-सहा महिने आधी आणलं असतं तर इलाजाला जागा होती. फेब्रुवारीत बाबा गेले.

तेरवीला काय झालं ते सगळ्या गावाने बघितलं, तरी लिहिते. तू पूजेला उघड्या अंगाने बसला होतास, डोक्याचं मुंडण, कमरेला धोतर. मी समोर बायकांत बसून तुझ्याकडे एकटक बघत होते. मंत्र चालू असताना तुझं लक्ष गेलं आणि तू ओरडलास, "इथंबी उघडी आंगं पाहून राह्यली का? लाज नाही वाटत?" माझ्या शेजारी बसलेल्या सुशीलाबाईंनी तोंडाला पदर लावला. हसायलाच लावला, रडायला नाही. मग मीही सोडलं नाही. "तुह्या कॉलरनं मारलं बाबाले! गाठ तुह्या बटनाखाली वाढून राह्यली होती!" भटजी थांबले. तू पूजेवरून उठलास आणि माझी बॅग रस्त्यावर नेऊन ठेवलीस. आई तुझा हात धरत होती, तू तिलाही ढकललंस. ते मी विसरणार नाही.

ते कॉलरचं वाक्य मी वर्षभर जपलं आहे. शाळेत फळ्यापुढे उभी असताना म्हटलं आहे, बसमध्ये म्हटलं आहे, झोप येत नाही तेव्हा म्हटलं आहे. सप्टेंबरात शर्ट आले, दिवाळीत गाठ सापडली, मधे कॉलर. फार सोयीचं वाक्य आहे. पण सप्टेंबर ते दिवाळी होतात दोनच महिने. डॉक्टर पाच-सहा म्हणाले होते. तू दुकानदार माणूस, आयुष्यभर बेरजा केल्यास, ही तुझ्या लक्षात कशी आली नाही? मी रोज वाट बघत होते की आज तुझ्या लक्षात येईल आणि तू कुडव्याला येऊन माझं दार ठोकशील.

आता ऐक. प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात नंबर आणि तारीख आहे. चौदावा कागद काढ. मे महिन्यातला. बाबा समोरून बसलेत, हात मांड्यांवर. त्या रविवारी उजव्या हासळीवरचा खळगा दिसत होता, डावा दिसत नव्हता. ती जागा भरून आल्यासारखी होती. मी दिसलं तसं काढलं. शनिवारी सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "डावा खळगा कुठे गेला? अंदाजाने काढू नका, बघून काढा." सगळ्या क्लाससमोर म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या रविवारी बाबांना परत बसवलं, खडूच्या रेघांत त्यांचे पाय ठेवले आणि बघितलं. खळगा नव्हताच.

हात लांब करून बोट लावायचं होतं, दादा. चार हातांवर बसले होते ते. त्यांनी स्वतःहून सांगितलंही, "इथं जरा जड वाटते वं. पोतं उचललं म्हनून असन." मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "हलू नका, बाबा."

आणि रबर घेऊन चौदाव्या कागदावरची ती जागा पुसली, कोळशाने तिथे एक छान काळा खळगा भरला, अगदी उजव्यासारखा. सर म्हणाले, "आता माणूस झाला." पंधराव्या कागदापासून एकतिसाव्यापर्यंत मी दर रविवारी तो खळगा काढत गेले. तिथे गाठ वाढत होती आणि मी कागदावर खळगा गडद करत होते. सरांचा दोष नाही, त्यांनी बाबांना कधी बघितलंच नव्हतं. बघत मी होते. सगळ्या गावात, सगळ्या घरात बाबांच्या अंगाकडे रविवारमागून रविवार डोळे फाडून बघणारी एकटी मीच होते, आणि मला मार्क पाहिजे होते.

म्हणजे मेपासून सप्टेंबरपर्यंतचे चार महिने माझे. दोन तुझे. तुझे मी माफ केलेले नाहीत, यातून तसा अर्थ काढू नकोस. तू त्यांना शर्टात कोंबलंस ते लोकांच्या तोंडासाठी कोंबलंस, थंडी वाजत होती म्हणून नाही. पण तेरवीला सगळ्यांसमोर मी तुला सहाच्या सहा महिने लावले. ते खोटं होतं. मला तेव्हाच माहीत होतं की ते खोटं आहे. म्हणून तर इतक्या मोठ्याने ओरडले.

ट्रंक का मागितली तेही सांगून टाकते. भिंतीला लावायला नाही. तू अठराला जाळणार होतास, मी सतराला जाळणार होते. मला भीती होती की जाळण्याआधी तू एकदा तरी उघडून बघशील, ओळीने लावशील, आणि पोरीच्या चित्रांत बापाचा आजार कुठे लपवला आहे ते तुला दिसेल. वर्षभर मला याच एका गोष्टीची भीती होती. तुझ्या रागाची मला कधीच नव्हती.

आता हे लिहून झालं, तर भ्यायला काही उरलं नाही. ट्रंक पाठवू नकोस. कुलूप तूच लावलंस, तूच उघड. चौदावा कागद सकाळी पडवीत उन्हात तिरपा धर. रबर फिरलेल्या जागी कागद थोडा फुललेला असतो, आणि काळ्याच्या खाली माझी पहिली रेघ अजून पुसट दिसेल. भरलेली, वर आलेली. तेवढी रेघ खरी आहे. ती आईला दाखव, खुशी मोठी झाली की तिलाही दाखव, आणि कोणी काढली आणि कोणी पुसली तेही सांग. मग बाकीचे तीस जाळायचे तर जाळ. तो कोटवाला फोटो मात्र त्यांच्याआधी जाळ, कारण त्यात बाबांचं काहीच नाही, पुसलेलंसुद्धा नाही.

एक राहिलं. तेरवीला मी तुझ्याकडे का बघत होते ते तू विचारलं नाहीस, ओरडलास. बाबांचं अंग तुलाच आलं आहे. तीच रुंद हाडं, तोच आखूड गळा, पोत्याखाली तोच डावा खांदा पुढे. मी तुझ्या डाव्या हासळीकडे बघत होते. भटजींनी तुला पुढे वाकायला सांगितलं तेव्हा नीट दिसली. खळगा आहे, दादा. दोन्ही बाजूंना आहे.

पण त्याला आता वर्ष झालं. अठराला तू पुन्हा उघड्या अंगाने पूजेला बसशील. मी येणार आहे. तू बॅग रस्त्यावर ठेवलीस तरी येणार आहे, समोर बसणार आहे आणि बघणार आहे. ओरडायचं तर ओरड, बायका हसल्या तर हसू देत. या वेळी मी 'हलू नको' म्हणणार नाही. कुठे जड वाटत असेल तर तेव्हाच सांग.

तुझ्याकडे बघणारी,
दुर्गेश्वरी